तुमच्या तोंडी घातलेली ओळ

तुम्हीच सांगायचात ना बाबा, फळ्यावर कमी लिही आणि मोठं लिही, रिक्षावाल्याला गाडी न थांबवता वाचता आलं पाहिजे? मग मी तेच तर केलं. तरी हे असं का झालं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तुला लिहायला सांगितलं कोणी?" नववीत शाळा सोडली तेव्हापण हेच, वागळे इस्टेटच्या गाळ्यात एसीच्या डक्टचे पत्रे वाकवायला लागलो तेव्हापण हेच. कोणी नाही सांगितलं. कंपनीतून दमून आल्यावर नाक्यावरच्या मंडळाच्या फळ्यावर रोज लिहायला तुम्हाला तरी कोणी सांगितलेलं? पाणी कधी येणार, कोण वारलं, कोणाची पोरगी पास झाली, आणि खाली एक सुविचार, तोपण तुमचाच बनवलेला. मग खडूचे हात घेऊन जेवायला बसायचात. आई ओरडायची, "अहो, आधी हात धुवा, मग ताटाला लावा." तुम्ही गप्प. घरात तुमचं बोलणं असं नव्हतंच. जे काय ते फळ्यावर.

इथे मस्कतला तिसरं वर्ष चालू आहे. काम तेच, पत्रे आणि डक्ट. साइटवरून आलो की खाटेवर पडून मोबाईलवर लिहितो. माझं एक पेज आहे. आधी मी तुमच्यासारखे सुविचार टाकायचो, ते चार ओळखीचे लोक बघायचे आणि अंगठा देऊन पुढे जायचे. खोलीतला साताऱ्याचा वेल्डर एक दिवस बोलला, "आरं, तुझ्या सुविचाराला कुत्रं तरी इचारतंय का? घरातला माणूस दाव. पयल्या वळीत धरायचं, शेवटच्या वळीत रडवायचं. रोज टायमाला टाकायचं आन् लोकांस्नी उत्तरं द्यायची." त्याचा भाऊ म्हणे गावाकडे केकचं दुकान असंच चालवतो. मी बोललो, मी काय केक विकतोय? तो बोलला, "मग काय इकतोयस?"

मग मी तुमच्याबद्दल लिहायला घेतलं. कंपनीचा निळा शर्ट, खडू, तुमचं गप्प बसणं. लोक वाचायला लागले. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या बायका लिहायच्या, आमचे पप्पापण अगदी असेच होते. मी एकेकाला उत्तर द्यायचो. तुमच्या फळ्यासमोर माणसं थांबायची तेव्हा तुम्हाला असंच वाटायचं का हो? आणि मग मी हॉस्पिटलचं लिहिलं. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "अख्ख्या नाक्याबद्दल लिहिलं, हिच्याबद्दल एक ओळ लिहायची राहिली." एवढंच. लोकांनी ते कुठल्या कुठे पोचवलं. एकाने मला लेखक म्हटलं.

तुम्ही असं काही बोलला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही "पंखा कमी कर" एवढंच बोललेलात. पण पंखा कमी कर, हे कोण वाचणार?

शेजारच्या काकूंनी ते आईला वाचून दाखवलं. तिचा फोन आला.

"हे कधी म्हणाले रे?"

"हॉस्पिटलमध्ये. तू चहा आणायला खाली गेलेलीस ना, तेव्हा." आपोआप निघालं तोंडातून.

"मला नाही सांगितलंस ते एवढी वर्षं?"

"विसरलो."

"असलं कोण विसरतं रे, मेल्या?" मग म्हणाली, "नेमकी तेव्हाच कशाला गेले मी खाली? कोणाला हवा होता तो चहा?"

आता प्रत्येक फोनला तो चहा येतो. काकू सांगतात, दुपारचा चहा तिने सोडलाय. आणि त्याच काकू हेपण सांगतात, की भाजीवालीपासून सगळ्यांना सांगत फिरते, आमचे हे जाताना असं म्हणाले. सांगताना हसते म्हणे. मग मी तिला दिलं काय आणि तिचं घेतलं काय? खोटं होतं म्हणून सांगू, तर ती ओळ जाते. नाही सांगत, तर तो चहा तिला सोडत नाही. पोस्ट काढली तर विचारेल, का काढलीस. वेल्डर बोलतो, "काढतोयस काय, येड्या? सगळ्यात वर लावून ठेव."

आपल्या समोरच्या खोलीतली पोरगी दहावी पास झाली, असं ऐकून मी एकदा फळ्यावर लिहिलेलं, तेव्हा तुम्ही शर्टाच्या बाहीने पुसलंत. सगळ्या पोरांसमोर बोललात, "तिच्या घरी विचारलंस? ज्याचं नाव लिहायचं, आधी त्याच्या दारात जायचं." तुमचं दार आता मी कुठे शोधू? आईचं दार माहीत होतं, पण विचारायला गेलो नाही.

एक डोक्यातून जात नाही. त्या पंख्याखाली आईच बसलेली, पदर गच्च गुंडाळून. पंखा कमी कर म्हणालात ते तिच्यासाठी म्हणालात का? की तुम्हालाच थंडी वाजत होती? तेव्हा तर ती तिथेच होती, तिने ऐकलंय ते. हे लिहिलं असतं तर? कोणी वाचलं नसतं बहुतेक. मला खरंच समजत नाही, बाबा.

हे पेजवर टाकणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं तरी कुठे. आई म्हणते, गणपतीला ये, समोर बस आणि नीट सांग, म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता. मी तिला सांगितलंय, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळालीय. दर महिन्याला घरी वीस हजार रुपये पाठवतो, ह्या वेळी तिकिटाचे काढून ठेवलेले बावीसपण त्यातच घातले. बेचाळीस हजार पाठवतोय.