कोपऱ्यातली सारंगी

६ जून, शुक्रवार
विठ्ठलअण्णा जाऊन महिना होत आला. अल्बममधली त्यांची सारंगी अर्धीच रेकॉर्ड झालीय. वाद्य अजून इथंच, माझ्या जयनगरच्या स्टुडिओत, कोपऱ्यात. त्यांची मुलगी, सुलभाअक्का, फक्त वाजवायचा गज घेऊन गेली. "स्वल्प दिवस राहू दे गं तुझ्याकडे. घरी बघवत नाही." सरी, राहू दे म्हटलं.

आज मुसाचं रेकॉर्डिंग. सेनेगलचा. त्याचा कोरा म्हणजे भला मोठा भोपळा, वर दांडी, खूपशा तारा. तो छेडायला लागला आणि कोपऱ्यात सारंगी गुणगुणली. तरफेच्या तारा, शेजारच्या सुरानं आपोआप झणझणतात, दुसरं काय. तरी...

९ जून
मुसाचा ट्रॅक ऐकला. ही गुणगुण नाही. गज ओढलाय. कोऱ्याची ओळ संपते, तिथून सारंगी ती उचलून पुढे नेते. आणि गज तर तिकडे चामराजपेटेत, अक्काच्या घरी!

किरणला ऐकवलं. अल्बम त्याचा. रडायलाच लागला. "अण्णा काम पुरं करतायत गं. पुसू नकोस." मीही रडले. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

११ जून
आर्मेनियाची बाई आली, दुदुकवाली. सनईसारखंच वाद्य, सूर मात्र मऊ, दुखरा. मध्येच थांबली. किरणला म्हणाली, "माझ्या आधी कुणीतरी श्वास घेतंय." परत वाजवायला तयार नाही. पाणी दिलं, ऑटोत बसवून दिलं.

१२ जून
सगळं सलग ऐकलं. मुसाच्या ट्रॅकमध्ये सारंगी कोपऱ्यातून येते. कालच्यात अगदी माइकपाशी. अक्काला विचारल्याशिवाय हे बाहेर देणं बरं नाही. फोन केला. रविवारी येते म्हणाली.

१५ जून, रविवार
अक्का आली, चिरोटे घेऊन. हेडफोन लावले. आधी हसली, डोळे मिटले. मग हसू गेलं. "परत लाव." लावलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे बाबा नव्हेत."

"अक्का, नीट ऐक की. तोच हात आहे."

"जन्मभर ऐकलंय मी. बाबांचं मधलं बोट वाकडं. त्यामुळे हा वरचा सूर ते घासून घ्यायचे. इथे सरळ घेतलाय." मग म्हणाली, "कोणीतरी बाबांचं ऐकून ऐकून वाजवतंय."

किरणने ट्रॅक बंद केला. तिच्या गाडीत ठेवायला मी सारंगी उचलली, तर अक्का मागे सरली. "नको. घरी मुलं आहेत."

१६ जून
किरण म्हणतो, सगळं पुसून मुसाला परत बसवू. दुपारी बसवला. सारंगी बाहेर जिन्यात ठेवली, दार लावलं.

ट्रॅकवर सारंगी आहेच. आणि वरचा सूर आज घासून घेतलाय. अगदी अण्णांसारखा. अक्का ते बोलली इथेच, सारंगीसमोर.

अक्काला कळवायला हवं. पण फोन इथून करायचा नाही, एवढं नक्की.