एक गज

सोम. ८ मे १९६१, महाड

१. सकाळी साडेनऊला घराची मागची भिंत पडली.
२. दाऊदमिस्त्री खाली सापडला. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.
३. आई पुढे ओटीवर होती. तिला काही नाही.
४. जुन्या भिंतीला आधार म्हणून आम्ही नवी बांधून घेत होतो, तिच्या पायाची खोली मोजली. दोन फूट. मी तीन सांगितली होती. टणक मुरूम पावणेतीनवर लागतो; नवी भिंत वरच्या मऊ मातीतच राहिली नि खचली.

शेजारच्या बापूंना हेच सांगितले. म्हणाले, "स्वस्तातलं घर नि स्वस्तातला मिस्त्री!"

बुध. १०

भिंतीच्या जागी गोणपाट. चूल ओटीवर आणली. कचेरीत दिवसभर पुलाचे नकाशे ट्रेस केले. रेषा सरळ आल्या.

मिस्त्रीचा पाय कापला.

शुक्र. १२

मिस्त्रीच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, "बाई, माझा माणूस खोटा नाय. कागदावर एक गज होता, गजभरच खणलान." खुंटीवरची लाकडी पट्टी काढून हातात दिली. त्याच्या बापाचा गज, चोवीस खुणांचा. मी फूटपट्टी लावली.

दोन फूट.

त्याच्या सदऱ्याच्या खिशातला, मी माप लिहून दिलेला कागदही दिला. "आमाला वाचता येत नाय. तुमीच ठेवा."

शनि. १३

कचेरीत आम्ही तीन फुटांना वार म्हणतो. मिस्त्रीला समजावे म्हणून 'गज' लिहिले, वाचूनही दाखवले. माझ्या समजुतीने दोन्ही एकच, तीन फूट. अक्षर माझे. खाली तारीखसुद्धा, सवयीने.

त्याने विचारले होते, "बाई, एवढ्यात भागंल?"

"कागदावर आहे तेवढं करा."

हसला होता. "तुमचं घर कागदावर उभं ऱ्हातंय बाई. माझं चिखलात."

मंगळ. १६

शुक्रवारीच गजाचे कळवले होते, त्यावर मुंबईहून दादाचे पत्र. घर त्याच्या नावावर, राहतो आम्ही दोघी. 'तोंड उघडू नकोस. नोकरी जाईल, तुझी सोयरीकही मोडेल.'

मिस्त्रीच्या भावाचे पोलादपूरचे काम काढून घेतले. पाया चोरणारे घराणे म्हणून. बापूंनीच सांगितले, खुशीत.

आई एवढेच म्हणाली, "कागद जाळायचा असेल तर चूल पेटलेली आहे गो." टोमणा की सल्ला, कळले नाही.

गुरु. १८

कागद या वहीत ठेवला आहे. कशेडी घाटाच्या बाजूला ढग. दादाला लिहिले ते असे. टपालात टाकायचे आहे.

ती. दादास सा. न.

भिंत मिस्त्रीच्या चुकीने पडली नाही. मी गज लिहिले, मला वार म्हणायचे होते. त्याने विचारले तेव्हा ऐकले नाही. हे मी रविवारी २८ला सकाळी त्याच्या दारात, त्याच्या भावासमोर आणि बापूंसमोर, कागद दाखवून सांगणार आहे. मागची भिंत पावसाआधी उभी राहायला हवी. ती त्या भावाने बांधावी, त्याच्या गजाने, असे मला वाटते. तो येईल का, ठाऊक नाही. घर तुझे, म्हणून आधी तुला कळवते.

शुक्रवार २६ मेपर्यंत उत्तर मिळावे.