पांढऱ्या शीटला ब्रश नको

सोमवार, ४ मार्च
शीट वाया गेली! अँटेनावाल्यांच्या रेडिओ सर्किट-बोर्डांसाठी खास मागवलेली — दोन्ही बाजूंनी तांबं, आत पांढरा, मऊ थर. नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच जातीचा. मी भोकं पाडली तोवर सगळं ठीक होतं. मग दाजींनी ती साफ करायला ब्रश मशीनमधून काढली, नेहमीच्या हिरव्या बोर्डासारखी. तांबं लखलखीत झालं आणि शीट ताणली गेली. आता सर्किटच्या नक्षीची फिल्म वर ठेवली की एका कोपऱ्यात भोकं जुळतात, दुसऱ्या कोपऱ्यात भलतीकडेच.

माहितीपत्रकात ठळक छापलंय — ब्रश वापरू नये. दाजींनी ते पाहिलं नाही असं कसं म्हणू? रोज त्यावरच चहाचा कप ठेवतात.

मंगळवार, ५ मार्च
निकाल लागला. दोष माझा. मी भोकंच तिरकी पाडली म्हणे. मी शाळा दहावीत सोडली, दाजींनी बारावीत. त्यामुळे आमच्यात उच्चशिक्षित ते.

ताईसमोर मुद्दाम विषय काढला. सख्खी बहीण, वाटलं नवऱ्याला काही बोलेल. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, "कारखाना त्यांचा आहे. ते म्हणतील तसं करावं."

संपलं!

बुधवार, ६ मार्च
एकच शीट उरली. ती बिघडली तर अँटेनावाले काम काढून घेणार आणि दाजी मला बाबांकडे परत धाडणार. हे त्यांनी मी जेवत असताना सांगितलं, म्हणजे घास नीट उतरावा. मी पुन्हा म्हटलं, ही शीट नुसत्या रसायनाने धुवायची असते. मी हातमोजे घालतो म्हणून त्यांनी माझं नाव डॉक्टर ठेवलंय.

"डॉक्टरसाहेब, मग मशीन काय शोभेला घेतलंय?"

गुरुवार, ७ मार्च
भोकं पाडली, श्वास रोखून. उद्या ब्रश.

संध्याकाळी ताई दाजींचा चष्मा शोधायला कारखान्यात जाऊन आली. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. आमच्या घरात हुशारी नुसती ओसंडून वाहते.

शुक्रवार, ८ मार्च
मोटर फिरते, ब्रश ढिम्म! दाजींनी मशीनला दोन लाथा घातल्या. दुरुस्तीचं त्यांचं तंत्र तेवढंच. झाकण उघडलं तर आत रबरी पट्टाच नाही. आधी माझे खिसे तपासले, मग संशय मेकॅनिकवर गेला. तो महिनाभर इकडे फिरकलेला नाही आणि मशीन सोमवारी चालत होतं, हे मी सांगितलं नाही. मला काय कळतंय?

नवा पट्टा मंगळवारी मिळणार, अँटेनावाले सोमवारी येणार. दाजींनी शीट माझ्याकडे सरकवली. "कर बाबा तुझ्या औषधाने. बिघडली तर बॅग भर."

सोमवार, ११ मार्च
बोर्ड पास! प्रत्येक भोक नक्षीच्या बरोबर मध्यात. अँटेनावाल्यांनी पुढचं कामही दिलं. दाजींनी त्यांना ऐकवलं, असल्या मऊ मालाला आम्ही ब्रश लावतच नाही, त्याला अनुभव लागतो. मी मागे उभा राहून मान डोलावली.

ताईला सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

मंगळवार, १२ मार्च
दुपारी कारखान्यात ताईने भरून दिलेला डबा उघडला. सगळ्यात खालच्या खणात पट्टा होता. धुऊन, पुसून, नीट घडी घातलेला.

समोर दाजी जेवत होते. मी झाकण परत लावलं. म्हटलं, भूक नाही.