बाद केलेले पत्ते

रविवार, ५ मार्च

नळवाल्याने आज पुन्हा 'गळकी विहीर' उचलली. पहिल्याच पाकिटातून! हातात पंधरा पत्ते, त्यात 'पोलादी गरुड', त्यात 'दोन तलवारींची राणी' — आणि हा माणूस विहीर घेतो. वर म्हणतो कसा, "साहेब, गळती दिसली की माझा हात आपोआप जातो." सगळे खो खो हसले. मी नाही हसलो.

आता बास. पत्त्यांची पेटी नव्याने लावायची.

दर रविवारी तीन वाजता आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण बसतो. दोनशे सत्तर पत्ते पिसायचे, प्रत्येकाला पंधरा-पंधराची तीन पाकिटं. पाकिटातला एक पत्ता ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे. असं करत आपला गठ्ठा जमवायचा आणि मग त्याने लढायचं. इतकं सरळ आहे. यात अक्कल दोनच ठिकाणी लागते — पत्ता निवडताना, आणि पेटीत कोणते पत्ते असावेत हे ठरवताना. पहिलं या लोकांच्याने होत नाही. दुसरं मी करतो.

कपाटात अकराशे पत्ते आहेत. त्यातून दोनशे सत्तर. एकही फालतू नको.

सोमवार, ६ मार्च

बाजारात सतरा काटे तपासले. नऊ खोटे. वजनमापाच्या खात्यात वीस वर्षं काढल्यावर माणसाची एक खात्री होते — लोकांना वजन कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. एक कांदेवाली मलाच म्हणते, "तुमचंच वजन हलकं असेल!" माझं वजन! पितळी, शिक्का मारलेलं, मखमलीच्या खाचेतलं!

संध्याकाळी टेबलावर पत्ते मांडले. बायको पलीकडे मटार सोलत होती. म्हणाली, "'सुस्त कासव' का काढतोस?"

"कारण ते काही करत नाही."

"तीन फेऱ्या जिवंत राहिलं की दारच होतं ना त्याचं? मग समोरच्याला आतच येता येत नाही."

मी म्हटलं, तीन फेऱ्या कोणी जिवंत ठेवलं तर. तिने पुढची शेंग उचलली. हिला कासवाचं काय माहीत? आतल्या खोलीत बसून ऐकू येत असणार.

बुधवार, ८ मार्च

नव्वद पत्ते बाद. हात एकदाही अडखळला नाही.

गुरुवार, ९ मार्च

बाद पत्ते बुटांच्या खोक्यात भरले आणि बायकोला सांगितलं, रद्दीत दे. ती म्हणाली, "सगळे?" म्हटलं, सगळे. घरात ठेवले की कोणीतरी हळवं होतं आणि एकेक परत आत येतो.

पेटी का बिघडली होती ते नीट लिहून ठेवतो. 'गळकी विहीर' नळवाल्यासाठी होती. 'गोड बोलणारा लांडगा' दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी — बाई चित्र बघून पत्ते घेतात, लांडग्याचे दात चांगले काढलेत म्हणे. लाँड्रीवाल्या दोघी बहिणी जोडीचे पत्ते गोळा करतात. जुळी भावंडं, दोन चंद्र, दोन घोडे. जिंकत नाहीत, पण जोडी लागली की टाळ्या देतात एकमेकींना. पन्नाशीच्या बायका! आणि मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला डावात उतरवायलाच दहा इंधन लागणारे अवाढव्य राक्षस लागतात. फेरीला एकेक करत इंधन सहा जमतं तोवर हा मेलेला असतो. तरी दर रविवारी, "भाऊजी, एकदा उतरू दे नुसता, मग बघा!" सात वर्षं बघतोय.

सगळ्यांचे लाड काढून टाकले. आता जो पत्ता हातात येईल तो चांगलाच असेल. यांना चुकायला जागाच ठेवली नाही.

बायकोला आज उशीर झाला. गुरुवारी होतो.

रविवार, १२ मार्च

नवी पेटी उघडली. काय डाव झाला! कोणी मध्ये बडबडलं नाही. कोणी गाणं म्हटलं नाही. नळवाल्याने पाकीट दोनदा वरखाली केलं आणि 'पोलादी गरुड' घेतला — झक मारत घेतला. साडेपाचला सगळं आटोपलं, नेहमी साडेसात होतात.

जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे हं." मेहुणा म्हणाला, "एकदम व्यवस्थित, भाऊजी." बहिणींनी मान हलवली.

शेवटी या टेबलावर गांभीर्य आलं. यायला सात वर्षं लागली, पण आलं.

बुधवार, १५ मार्च

आणखी चार पत्ते बदलले. 'पितळी घुबड' थोडं हसरं वाटत होतं.

रविवार, १९ मार्च

पुन्हा शांत, नेटका डाव. मी जिंकलो. कोणी हरकत घेतली नाही, कोणी 'पुन्हा एक' म्हटलं नाही. चांगल्या वस्तूपुढे माणसं गप्पच होतात.

गुरुवार, २३ मार्च

अक्षर वाईट येतंय. असो.

दुपारी भंगारवाल्याचा मोठा काटा तपासायचा होता. पावणेसहाला काम संपलं. शेजारीच नळवाल्याचं गोदाम. शटर अर्धं खाली. आतून हसण्याचा असा गलका की भंगारवाला म्हणाला, "गुरुवारचं असंच असतं यांचं." गुरुवारचं!

वाकून बघितलं. पाइपांच्या गठ्ठ्यावर फळी टाकलेली, फळीवर पत्ते. भोवती उलट्या बादल्यांवर नळवाला, डॉक्टरीणबाई, दोघी बहिणी, मेहुणा. पाच झाले. सहावी माझी बायको.

पत्ते मी लांबूनही ओळखले. एका कोपऱ्यावर चहाचा डाग असलेली विहीर. कासव. लांडगा. घोडे. माझे नव्वद, आणि बाकीचे या लोकांनी कुठून कुठून गोळा केलेले — एकाहून एक टाकाऊ!

मेहुण्याचा राक्षस उतरला होता. खरंच उतरला होता, दहा इंधनाचा, आणि सगळे असे ओरडत होते जणू पोरगं पास झालंय. मग माझी बायको उठली. नाकावरचा नसलेला चष्मा काढला. नसलेल्या रुमालाने पुसला. तेवढा वेळ थांबली — बरोबर तेवढाच! — आणि म्हणाली, "याला खेळ म्हणत नाहीत. याला अपघात म्हणतात."

डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. नळवाला बादलीवरून घसरला.

माझी नक्कल अचूक होती. हे मान्य करायला हवं. थांबणं तर फारच अचूक.

मी दहा मिनिटं उभा होतो. मग पितळी वजनांची पेटी उचलली आणि घरी आलो. ती साडेसातला आली. म्हणाली, "आज लवकर?" मी म्हटलं, हो.

शुक्रवार, २४ मार्च

बावीस काटे तपासले. सगळे खोटे ठरवले असते तरी चाललं असतं.

रविवार, २६ मार्च

आले. पाचही जण वेळेवर आले, पाय पुसून आत आले. किती सभ्य माणसं! मी पाकिटं वाटली आणि पहिल्यांदाच पत्त्यांकडे न बघता चेहऱ्यांकडे बघितलं.

नळवाला पत्ते चाळतो तेव्हा घड्याळाकडे बघतो. बहिणी एकमेकींकडे बघतच नाहीत. डॉक्टरीणबाईंचा 'छान आहे हं' हा दाढ काढायच्या आधीचा आवाज आहे, हे मला आज कळलं. सात वर्षं मी त्यांच्याकडे दात दाखवतोय, कळायला हवं होतं. ही माणसं खेळायला येत नाहीत. आजारी माणसाला भेटायला येतात तशी येतात!

आणि स्वयंपाकघरात कप विसळणारी माझी बायको. मेहुण्याने चुकीचा पत्ता टाकला, तेव्हा आत कप एक क्षण थांबला. मी ऐकलं.

ढोंगी. सगळे ढोंगी. मला तोंडावर सांगायची छाती एकात नाही.

सोमवार, २७ मार्च

जेवताना विचारलंच. "गोदामात बादलीवर बसून पाठ दुखत नाही का?"

तिचा घास थांबला नाही. म्हणाली, "उशी नेते."

"मी ते पत्ते रद्दीत द्यायला सांगितले होते."

"नाही दिले."

"माझी नक्कल करतेस."

आता मात्र तिने ताट बाजूला सारलं. "ती नाही करायला हवी होती. ती तू ऐकलीस याचं वाईट वाटतं."

मी म्हटलं, खेळायचं होतं तर मला सांगायचं. त्यावर ती हसली, वाईट हसली. "सांगितलं होतं की! लग्नानंतर चौथ्या वर्षी. तू म्हणालास, आधी नियमांची पुस्तिका वाच. वाचली. मग म्हणालास, थोडे दिवस बघ. बघितलं. मग म्हणालास, टेबलाला सहाच बसतात."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मग आठवलं. पुस्तिकेत तिने पेन्सिलीने एक छापायची चूकसुद्धा दाखवली होती. मी ती चूक खोडली आणि बाकीचं विसरलो.

"तुमची पेटी कचरा आहे," मी म्हटलं. "अर्धे पत्ते निरुपयोगी."

"असेनात. वाईट पत्ता गळ्यात पडला की माणूस त्याचं काहीतरी करायला बघतो. कोण काय करतं तेच तर बघायचं असतं. तुझ्या पेटीत सगळेच पत्ते चांगले. काय घेतलं काय नि सोडलं काय! तिथे आम्ही निवडतच नाही. तू निवडून ठेवलेलं असतं, आम्ही फक्त उचलतो."

'आम्ही' म्हणाली. माझ्या टेबलावर ती कधी बसली नाही, तरी आम्ही.

बरंच बोलता आलं असतं. वजन, तोल, शक्यता, सात वर्षांचे तक्ते. मी म्हटलं, "मीठ कमी आहे." मीठ कमी नव्हतं.

गुरुवार, ३० मार्च

ती गेली. उशी घेऊन, माझ्यासमोरून. लपवायचं काही उरलं नाही तर एवढ्या आरामात उशी उचलायची?

मी घरी बसून पेटी तपासली. दोनशे सत्तर पत्ते, प्रत्येक उलटून. एकही दोष सापडला नाही. दोन तास लागले. मग मीच सहा जणांची पाकिटं मांडली आणि सहाही जणांच्या वतीने पत्ते घेत गेलो, तोल बघायला. प्रत्येक वेळी कोण काय घेणार हे मला आधीच ठाऊक होतं. नळवाला गरुड, बहिणी राणी, मेहुणा गरुड. एकदाही चुकलो नाही. चौथ्या फेरीला कंटाळा आला. माझ्याच पेटीचा!

याचा अर्थ एवढाच की एकट्याने खेळू नये.

रविवार, २ एप्रिल

मी सगळ्यांना सकाळीच कळवलं — आजपासून रविवार बंद. कारण दिलं नाही. कोणी विचारलं नाही. मेहुण्याने मात्र उलट निरोप पाठवला: "भाऊजी, रागावलात का?" मी उत्तर दिलं नाही. राक्षस पाळणाऱ्यांना उत्तरं द्यायची नसतात.

तीन वाजता टेबल रिकामं होतं. बायकोने त्यावर इस्त्रीचे कपडे पसरले. मी आक्षेप घेतला नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी रस्त्यात गाठलं. पळता आलं नाही. म्हणाल्या, "तुम्हाला फसवायचं नव्हतं आम्हाला. पण तुम्ही प्रत्येक पत्त्यावर शेरा मारता. मी दिवसभर लोकांची तोंडं उघडून आत काय बिघडलंय ते बघते. रविवारी तरी मला लांडगा आवडू द्या ना!"

मी म्हटलं, लांडगा कमकुवत आहे.

"आहेच," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

मला तसंच वाटत होतं. सात वर्षं!

बुधवार, ५ एप्रिल

  उशी दाराजवळच्या खुर्चीवर आहे.

गुरुवार, ६ एप्रिल

गेलो.  नळवाल्याने एक बादली उलटी करून पुढे सरकवली, बायकोच्या मागे. मी तिच्या खांद्यावरून बघत बसलो, दीड तास, तोंड मिटून. तिसऱ्या पाकिटाला तिने सहा पत्ते माझ्याकडे वळवले आणि हळूच विचारलं, "कुठला घेऊ?"

मी सहाही पत्ते दोनदा बघितले. म्हटलं, "मला नाही माहीत."

खरंच माहीत नव्हतं. केवढं बरं वाटलं!