पाठीत काहीच नाही

नोझिगुलच्या बाबांना,

आता तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते कळत नाही. पत्र पाठवायला तुमचा पत्ताही नाही.

मॉस्कोहून फोनवर तुम्ही तीनदा तलाक म्हणालात, त्याला चार महिने झाले. मी घरात सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुमची आई मला माहेरी धाडेल आणि पोरगी ठेवून घेईल. त्या दिवसापासून माझी पाठ धरली आहे. कुलोब शहरातल्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला. "हाडं घोडीसारखी भक्कम आहेत, बाई. मनावर कसलं ओझं आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

तुमची आई रोज मेंढीची चरबी चोळते. "नवरा आला की बघ कशी पळशील, सूनबाई," म्हणून चिडवते. मी हसते आणि कळ खांद्यापर्यंत चढते.

नोझिगुलची मान कधी अवघडली ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आता ती वळतच नाही. मुल्लाने दुआ पढून फुंकर घातली, काही उपयोग झाला नाही. आज सकाळी मी विचारलं, "कधीपासून गं?"

"बाबांचा फोन आला तेव्हापासून. तुझे हात कणकेत होते ना, मीच फोन धरला होता तुझ्या कानाशी. मी कुणाला नाही सांगितलं. आजीला कळलं तर तू जाशील."

तुमची आई तंदुरापाशी नान काढते आहे. मी आता उठून तिला सांगणार आहे. पोरीने ते ओळखलंय. ती माझ्याकडे बघत 'नको' म्हणून मान हलवू पाहते आहे, पण मान हलत नाही.

अजून तरी नोझिगुलची आई,
ओयजमोल