तुझ्या बाबांच्या शर्टाचा तुकडा

राणीसरकार, आधी खाली बस, मग गोधडी उलगड. काल खालच्या टेलरशी पैज लावली, की त्याच्या पायजम्याचा तुकडा तुझ्या गोधडीत घातला तरी तुला कळणार नाही. हरेल त्याने सगळ्यांसमोर जिना झाडायचा. तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात एक ठिगळ उसवून मी पायजमा टाचला. तुला कळलंच नाही, मी जिंकलो! खुशीत नाचलोसुद्धा.

उसवलेलं ठिगळ तुझ्या बाबांच्या शर्टाचं होतं, हे आज लक्षात आलं. तोवर, पुरावा म्हणून दिलेल्या त्या ठिगळाने टेलरने मशीनचं तेल पुसलं होतं. तीनदा धुतलं, डाग जात नाही. खिडकीत वाळत घातलंय. सुईला हात लावायची आता माझी हिंमत नाही.

टेलरला सांगितलंय, हरलो मीच. जिना झाडायला चाललोय. शेजारीण खिदळत विचारेलच, "काय भावजी, कशात हरलात?"

तू हाक मारेपर्यंत खालच्या पायरीवर बसतो.