पंधरा ग्रॅम जास्त

प्रिय भिंगरी,

गेल्याच्या गेल्या शनिवारी तुमचा कॉफीचा कारखाना बघायला जे अकरा जण आले होते त्यांत मी होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. कसा आलो ते सांगतो. तिकीट तुझ्या आईने स्वतःसाठी काढलं होतं. आदल्या दिवशी तिचा गुडघा एकाएकी धरला आणि ‘तिकीट वाया कशाला घालवता, तुम्हीच जाऊन या’ म्हणाली. मी परत आलो तेव्हा ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढत होती. गुडघ्याबद्दल मी काही विचारलं नाही.

तू दारात माणसं मोजत होतीस. मला पाहिल्यावर नऊनंतर पुन्हा नऊच म्हणालीस. मग ‘या काका, पुढे या’ म्हणून सगळ्यांसारखंच मलाही आत घेतलंस आणि पुढचे दोन तास ताकास तूर लागू दिली नाहीस. काका तर काका. सहा वर्षांत तू मला कसलीच हाक मारलेली नव्हतीस.

वजनमापे निरीक्षक म्हणून मी छत्तीस वर्षं कारखाने पाहिले, पण ते चुका काढायला. नुसतं बघायला म्हणून हा पहिलाच. कॉफीचे कच्चे दाणे हिरवट असतात आणि त्यांना वाळक्या गवताचा वास येतो, हे मला या वयात कळलं. दाणे भट्टीत फिरत होते, तू माहिती सांगत होतीस, आणि आत तडतड सुरू झाल्याबरोबर अर्ध्या वाक्यात थांबलीस. कान लावलास, लांब पळीने नमुना काढून नाकाशी धरलास, पुन्हा थांबलीस आणि मग झडप उघडलीस. समोर यंत्रावर आकडे दिसत असताना तू कानाने आणि नाकाने काम करत होतीस. नोकरीत असतो तर शेरा मारला असता. दहा किलो आत गेले, साडेआठ बाहेर आले. उरलेला दीड किलो कुठे गेला, असं मी विचारलं, जित्याची खोड. ‘पाणी उडून जातं, काका, तेवढं गेल्याशिवाय कॉफी होत नाही,’ म्हणालीस. उत्तर बरोबर होतं.

प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडून तू तिथे जायला निघालीस, तेव्हा मी दारात म्हणालो होतो की दाणे भाजायला एवढं शिकावं लागत नाही. तू चपला घातल्यास आणि गेलीस. त्यानंतर तुझा फोन आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायची. एवढं शिकावं लागतं, हे मी त्या भट्टीपाशी उभा राहून पाहिलं. मी चुकलो होतो. तसं बोललो याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे लिहायला सहा वर्षं लागली याचं त्याहून जास्त.

मग तो चव घेण्याचा प्रकार. लहानपणी तू दुधाचा भुरका मारलास की मी पेला काढून घ्यायचो, आठवत असेल. तू मात्र सगळ्यांना सांगितलंस की चमचा तोंडाला लावून जोरात भुरका मारायचा, हवा आत गेल्याशिवाय चव कळत नाही. बाकी दहा जणांनी मारले. मी आवाज न करता प्यायलो. ‘काका, तुमचा आवाज आला नाही,’ असं तू चारचौघांत म्हणालीस. मी मारला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तू पाण्याचा पेला पुढे केलास आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. तुझे खांदे हलत होते. हसत होतीस, असं मी धरून चालतो.

शेवटी पुडे भरायच्या वेळी तू पाठमोरी होतीस. मी खिशातलं पन्नास ग्रॅमचं तपासणीचं वजन तुझ्या काट्यावर ठेवून पाहिलं. काटा चोख. तुझ्यासमोरच्या कपाटाला काच होती, हे नंतर लक्षात आलं. घरी कॉफी कशी करता, असं तू प्रत्येकाला विचारलंस. मला नाही विचारलंस. आईच्या कागदी गाळणीला लागते तशीच दळून हातात दिलीस.

आता घरी मीच करतो. कपाला पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे मिली पाणी. आधी थोडंसंच पाणी ओतायचं, पूड फुगून वर येईपर्यंत थांबायचं, मग हळूहळू गोल. पहिले दोन दिवस उकळतं पाणीच ओतलं आणि कडूजहर झाली. तिसऱ्या दिवशी अर्धं मिनिट थांबलो, तेव्हा जमली. तीन मिनिटं गप्प एका जागी उभं राहिलेलं तुम्हाला लग्नानंतर पहिल्यांदाच बघते, असं आई म्हणते.

आता मुद्द्याचं. पुड्यावर तीनशे ग्रॅम लिहिलंय. मी तो घरी येताच तोलला, आणि मी तोलणार हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. निव्वळ तीनशे पंधरा. कमी भरलेले पुडे मी जन्मभर पकडले, जास्त भरलेला हा पहिलाच. काटा चोख आणि तुझा हात पक्का, म्हणजे चूक नव्हती. मी कुणाला काही बोललो नाही. आम्ही दोघं, रोज एकेक कप, काल दहा दिवस झाले आणि बरोबर एका कपाची पूड उरली. आज सकाळी आई ती करायला निघाली. मी डबा तिच्या हातातून घेतला आणि म्हणालो, ही आपल्या दोघांची नाही. तिने तिसरा कप काढला, धुतला आणि ओट्यावर पालथा घालून ठेवला. दळलेली कॉफी तीन आठवड्यांत संपवा, असं तू सांगितलं होतंस. पुड्यावरच्या तारखेप्रमाणे अजून नऊ दिवस आहेत. त्यात कधीही ये. आमच्या दोघांपुरती येताना आण, ही तुझी आहे. भुरका मारलास तरी कप काढून घेणार नाही.

तुझाच,
बाबा